दहा दिवसांचं चीवर

दादांना उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती. दहा दिवस चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, अंगावर घ्यायचं. दादा म्हणजे माझे वडील, आमच्याकडं बापाला दादाच म्हणतात. डोकं भादरून घ्यायचं, दहा दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होऊन विहारात राहायचं, जमिनीवर झोपायचं, बाराच्या आत मिळेल ते खायचं आणि अकराव्या दिवशी पँट-शर्ट घालून रेणापूरला घरी यायचं. एवढंच. भंतेजींच्या शिबिरात हे कुणालाही करता येतं, आणि तरी ते वर्षानुवर्षं राहून गेलं. आधी नोकरी, मग माझं डी.एड., मग माझं लग्न, मग भावाचं घर, मग मायचं आजारपण. माय गेल्यावर म्हणाले, आता मी मोकळा झालो. तेव्हा मी आडवी आले.

मी थोरली. विष्णुपुरीला राहते, नांदेडच्या एका शाळेत शिकवते. राग माझ्या नाकावर असतो आणि दुसऱ्याचं भलं कशात आहे ते मला त्याच्याआधी कळतं, असा माझा समज. धाकटा भाऊ रेणापुरात दादांजवळ राहतो, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो मला हेडमास्तरीण म्हणतो. साधी मास्तरीण आहे मी, पण घरात कुणी माझा शब्द खाली पडू दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

दादा लातूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. बॉनेट न उघडता, नुसतं कान देऊन सांगायचे की कितवा सिलेंडर मिस मारतोय. रिटायर झाल्यावर तोच कान त्यांनी विहारात लावला. आमचा विहार म्हणजे पत्र्याचं छत, एक बुद्धमूर्ती आणि पन्नासएक माणसं मावतील एवढी फरशी. दर पुनवेला पांढरे कपडे घालून सगळे जमतात. एका अंगाला बाया, एका अंगाला गडी. दादा पुढं बसून पंचशील देणार, म्हणजे एकेक शील ते म्हणणार आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागं म्हणायचं. बाकीच्या गावात आता स्पीकरवर रेकॉर्डिंग लावतात आणि लोक त्याच्याबरोबर पुटपुटतात. दादांना ते खपायचं नाही. "मशीन शील घेतंय का तुम्ही घेऊन राहिलात?" असं तोंडावर विचारायचे. कुणाचा उच्चार घसरला की थांबायचे, परत म्हणायला लावायचे. पुढच्या रांगेत बसणारी आमची म्हातारी आत्या सत्तरीतही त्यांच्या हातून सुटली नाही. ती 'सिक्खापदं'चं 'शिकापद' करायची आणि दादा तिला सगळ्यांदेखत तीन-तीनदा म्हणायला लावायचे. "जीभ वळत न्हाई तर काय तोडून देऊ?" असं ती पुटपुटायची आणि चौथ्यांदाही चुकायची.

यंदा चैत्रापासूनच दादांची तब्येत उतरायला लागली. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. घरात कुणाला लवकर कळलंही नाही, कारण दादा पुनवेला उपोसथ धरायचे, बारानंतर अन्न नाही. आधी पुनवेला जेवले नाहीत, मग अमावस्येला, मग अष्टमीलाही जेवेनात, तर भावजयीला वाटलं म्हाताऱ्याचा धम्म वाढला. जेठात मी त्यांना नांदेडला आणलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट घेऊन मी एकटीच आत गेले, दादा बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलाय, ऑपरेशनच्या पलीकडं गेलाय. दिवाळी दिसेल, कदाचित थोडं पुढं. मग म्हणाले, "अजून दोन-तीन महिने अंगात ताकद राहील. त्यांच्या मनात काय करायचं असेल ते करून घेऊ द्या."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय मला नाही.

बाहेर आले. दादांनी मान वर करून विचारलं, "काय म्हणला डॉक्टर?"

"अल्सर हाय," मी म्हणाले. "तिखट बंद, गोळ्या वेळेवर. बाकी काही न्हाई."

मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हे त्यांच्यासाठीच. माणूस रोगानं नंतर मरतो, आधी भीतीनं मरतो, वगैरे. भावाला फोनवर दम दिला, घरात एक शब्द निघता कामा नये. तो रडत रडत हो म्हणाला. खरी गोष्ट ही की दादांना सांगताना त्यांच्या तोंडाकडं बघायची माझ्यात हिंमत नव्हती. बाकी सगळी कारणं नंतर जोडलेली.

आखाडी पुनवेला मी नांदेडहून सकाळच्या बसनं निघाले, दुपारपर्यंत रेणापूरला पोचले. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू होतो त्या दिवसापासून, विहार गच्च भरला होता. पांढरी साडी नेसून मी बायांत मागं बसले. दादांनी वंदना घेतली, मग पंचशील. पहिलं, दुसरं, तिसरं मी सगळ्यांबरोबर म्हणाले. चौथं आलं. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं शील मी ग्रहण करते. लहानपणापासून हजारदा म्हटलंय, झोपेतही म्हणेन. त्या दिवशी घशातून आलं नाही. दीडेक महिन्याआधी त्याच माणसाशी मी खोटं बोलले होते, आणि विहारातून घरी गेल्यावर परत बोलणार होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी नुसते ओठ हलवले. आवाज काढला नाही. पाचव्याला परत सगळ्यांत मिसळले.

आणि मला काय वाटलं सांगू? मला स्वतःचं कौतुक वाटलं. खोटं बोलते, पण निदान मूर्तीसमोर हात जोडून खोटं शील तर घेत नाही, एवढा प्रामाणिकपणा माझ्यात आहे म्हणून. शिकला तेवढा हुकला म्हणतात ते काय उगीच नाही. वर पत्र्यावर पाऊस, खाली पन्नास माणसांचा आवाज, त्यात एका बाईचा आवाज नसला तर कुणाला कळणार?

श्रावणातल्या पुनवेला परत तेच. चौथ्याला मी ओठ हलवले. पण त्या दिवशी दादा चौथ्यावर थांबले. म्हणाले, "नीट न्हाई आलं. परत घेऊ." परत दिलं. मी परत गप्प. दादांनी आत्याकडं बघितलं. आत्या चिडली, "मी तर या टायमाला बरोबर म्हणले की." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

त्याच संध्याकाळी भंतेजी घरी आले. वर्षावासात ते लातूरजवळच्या विहारात मुक्कामाला असतात आणि भादव्यात, मग परत माघात, तिथंच श्रामणेर शिबिर भरवतात. मोठ्या हुरूपानं आले होते. "औंदा तरी चीवर घेताय ना?" त्यांनी दादांना विचारलं. दादा तेव्हा चालत-फिरत होते. विहारापर्यंत आपल्या पायांनी गेले होते. मी दारातच चहाचे कप घेऊन उभी होते. दादा माझ्याकडं हात करून म्हणाले, "लेकीला इचारा."

भंतेजींनी माझ्याकडं बघितलं. दादांनीही. चोराच्या मनात चांदणं. दहा दिवस हे तिकडं राहणार, अंगाला काही झालं तर? कुणी डॉक्टर-बिक्टर शिबिरात असला आणि बघताक्षणी ओळखलं तर? पोटात दुखलं आणि भंतेजींनी दवाखान्यात नेलं तर? हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं आणि मी शाळेत बोलते त्या आवाजात बोलले.

"डॉक्टरनी न्हाई म्हणलंय, भंतेजी. अल्सरवाल्याला उपाशी राहून चालत न्हाई. औंदा राहू द्या. तब्येत सुधारली की पुढच्या वर्षी मी स्वतः आणून सोडते."

"बरं," दादा म्हणाले. बस्स, एवढंच. मला वाटलं होतं वाद घालतील. आयुष्यभर मी त्यांच्याशी वाद घालत आले, कधी त्यांनी सहजासहजी ऐकलं नाही, आणि त्या दिवशी मात्र बरं म्हणाले. मला हायसं वाटलं. कप आत नेऊन ठेवले आणि मनाशी म्हणाले, चला, टळलं.

शिबिर झालं. आमच्या गल्लीतले दोघं गेले होते. अकराव्या दिवशी गुळगुळीत डोक्यानं परत आले तेव्हा दादा दारात खुर्ची टाकून बसले होते. त्या दोघांना जवळ बसवून घेतलं, सकाळी किती वाजता उठवायचे, भिक्षेला कुठं जायचे, पहिल्या रात्री झोप लागली का, सगळं बारीक-सारीक विचारलं. भावानं फोनवर मला सांगितलं तर मी म्हणाले, चांगलं आहे, मन रमतंय.

भादव्यातली पुनव दादांनी भिंतीला पाठ लावून घेतली. आवाज खाली गेला होता. तरी चौथं शील त्यांनी दोनदा दिलं. आत्या या वेळी नुसती मागं वळून बायांच्या रांगेकडं बघत राहिली.

आश्विनी पुनवेला ते विहारात जाऊ शकले नाहीत. उठवत नव्हतं. वर्षावास त्या दिवशी संपतो, म्हणून भाऊ आणि भावजय खिरीचं पातेलं घेऊन विहारात गेले. मी घरी थांबले. दुपार कलली होती. दादांनी सकाळीच हट्टानं पांढरा सदरा घालून घेतला होता. म्हणाले, "मला बसव. आज हितंच शील घेऊ, आपण दोघं."

पाठीला उशा लावल्या. समोर स्टुलावर मेणबत्ती लावली. त्यांनी हात जोडले, मी खाली बसून जोडले. पहिलं दिलं, मी म्हणाले. दुसरं, तिसरं. मग त्यांनी चौथं दिलं आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी ओठ हलवायला गेले आणि लक्षात आलं, आता मागं पन्नास माणसं नाहीत. एक शब्द फुटला नाही. दादा वाट बघत राहिले. चिडले नाहीत, काही नाही.

मग म्हणाले, "आखाडीपासून तू चौथं म्हणत न्हाईस, बाई."

मी वर बघितलं.

"जेठात रिपोर्ट आला. आखाडीला तुझा आवाज चौथ्यालाच गायब. बाकी चारीला खणखणीत. मी म्हणलं, आसंल, ठसका लागला आसंल. श्रावणात दोनदा दिलं, तरी न्हाई. मंग इचारायचं काय राहिलं? मोठं दुखणं हाय, एवढं कळलं."

मला रडू कोसळलं. तसंच रडत रडत मी सगळं सांगितलं. कॅन्सर, पसरलेला, जेठातच कळलेलं, दिवाळीची मुदत. डॉक्टर म्हणाले होते मनात असेल ते करू द्या, तेही सांगितलं. दादा ऐकत राहिले. एकदा पोटावर हात फिरवला.

"श्रावणातच कळलं होतं तर मला बोलला का न्हाईत?" मी म्हणाले. मला त्यांचाच राग आला, खरंच आला. "शिबिराला जायचं होतं ना? भंतेजी घरी आलते. पायात ताकद होती. कामून गेला न्हाईत?"

"तुला इचारलं असतं तर तू अजून एक खोटं बोलली असतीस. शील घेईनाशी झालतीस, म्हंजे तुला बोचत होतंच. आणखी कशाला बोलायला लावू?" ते दमले. थोडं पाणी मागितलं, मी पाजलं. "अन् तू भंतेजीसमोर म्हणलीस डॉक्टरनी नको म्हणलंय, पुढच्या वर्षी नेते. त्याच्या वरतून मी गेलो असतो, तर मला सांगावं लागलं असतं की मला पुढचं वर्ष न्हाई. म्हंजे चार लोकांत तुला खोटं पाडायचं. लेकीला खोटं पाडून घेतलेलं चीवर, काय करू त्याला? म्हणलं, सांगंल ती आपणहून. आज सांगंल, उद्या सांगंल. दिवस गेले."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय थंड होते. माफी मागायची होती पण कशाची म्हणून मागू, खोट्याची की त्या दहा दिवसांची, ते मला कळेना. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ऊठ. शील आर्धं सोडू नये."

मी उठून बसले. पदरानं तोंड पुसलं. त्यांनी परत चौथं दिलं, एकेक शब्द सुटा करून, आत्याला द्यायचे तसं. मी त्यांच्यामागं म्हणाले. आवाज फाटत होता, तरी शेवटपर्यंत म्हणाले. ते कान देऊन ऐकत होते.

पाचवं द्यायच्या आधी ते थांबले.

"पुढलं शिबिर कधी हाय?"

"माघात," मी म्हणाले. बाहेर विहाराच्या बाजूनं लोकांचा आवाज येत होता.

"तवर मी हाय का गं?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. असाल की, दादा, तब्येत सुधारली की जाऊ. चार महिने मी तेच म्हणत आले होते, जिभेला वळण पडलं होतं. त्यांचे हात अजून जोडलेले होते, माझेही.

"न्हाई, दादा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि पाचवं शील द्यायला सुरुवात केली.