पाया पडू नको, नीट दाब

आमच्या फिजिओथेरपीच्या कॉलेजात हातात मावणारं सोनोग्राफीचं मशीन आलं, तेव्हा शिकवण्याच्या आधी पाटी लावायचं काम निघालं: इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. मशीन आणलं होतं खांदे, गुडघे, कंबरेचे स्नायू बघायला. पण सोनोग्राफी म्हटलं की आमच्या भागात लोकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते, आणि कायदाही त्याच गोष्टीसाठी कडक आहे. नोंदणी झाली, मशीन खोलीबाहेर न्यायचं नाही असं ठरलं, कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. तरी भोकरदनहून आलेल्या एका सासूने मला बाजूला घेऊन विचारलंच. मी तिला पाटी वाचून दाखवली, दोनदा. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

मशीन दाढीच्या मशीनएवढं. वायर टॅबलेटला जोडायची, कातडीवर जेल लावून ते टेकवायचं, की आतलं सगळं काळ्या-पांढऱ्या चित्रात दिसू लागतं. वर त्यात एआय. हात चुकला तर पडद्यावर बाण येतो, इकडे सरकवा, तिकडे सरकवा. हवं ते चित्र आलं की कोपऱ्यात हिरवी टिक उमटते आणि प्रत्येक भागावर त्याचं नाव. आमचे प्राचार्य हे पाहून खूश झाले. म्हणाले, "मशीनच सगळं सांगतंय, तर एवढे तास कशाला? दोन प्रॅक्टिकलमध्ये उरकून टाका." पी हळद अन् हो गोरी. मी म्हटलं, सगळं सत्र लागेल. ते म्हणाले, बघू. मी बघत बसले नाही, वेळापत्रकात तास लावून टाकले.

मग प्रश्न आला, शिकायला खांदा कोणाचा घ्यायचा? मुलांचे स्वतःचे खांदे तरणे, सगळे धडधाकट. स्टील मिलमधला कामगार किंवा कापूस वेचणारी बाई रोजंदारी सोडून आमच्या मुलांसाठी तासभर का बसेल? म्हणून स्टुलावर मी बसले.

माझ्या उजव्या खांद्यात शिकण्यासारखं काही होतं, हेही एक कारण. स्नायूला हाडाशी बांधणारा जो दोर असतो, ज्याला आम्ही कंडरा म्हणतो, त्याला माझ्या खांद्यात पुढच्या कडेला एक बारीक चीर होती. दोन वर्षांपूर्वी संभाजीनगरला एमआरआय केला तेव्हा कळलेलं. डॉक्टर म्हणाले होते, वाढू देऊ नका, दाखवत राहा. मी परत गेले नव्हते. पेशंटना दटावणारी मी स्वतःच्या बाबतीत पक्की भित्री.

वर्गाला यातलं काही सांगितलं नाही. मला एवढंच हवं होतं, की सत्र संपायच्या आत यांच्यातल्या एकाने तरी ती चीर शोधावी आणि माझ्या तोंडावर सांगावी. शोधणं शिकवता येतं. मोठ्या माणसाला वाईट बातमी तोंडावर सांगणं आमच्या मुलांना कोणी शिकवत नाही, गप्प बसायला मात्र सगळे शिकवतात. उद्या हीच मुलं तालुक्याच्या गावी दवाखाने टाकणार. भिडेपोटी "सगळं ठीक आहे" म्हणाली, तर फाटक्या खांद्याचा माणूस पोती उचलत राहणार.

पहिला आला तो तीर्थपुरीचा एक तगडा मुलगा. त्याने मशीन हातात घेतलं, वाकला आणि आधी माझ्या पाया पडला.

"अरे, दुखतोय खांदा, पाय नाही."

मग त्याने मशीन इतक्या अदबीने टेकवलं की पडद्यावर नुसता अंधार. कातडीला घट्ट टेकल्याशिवाय ते मशीन आतलं काही दाखवत नाही. मी म्हटलं, दाब. तो म्हणाला, "तुम्हाला लागंल ना मॅडम." लागू दे म्हटलं. तरी काही फरक नाही. एकामागून एक सगळ्यांचं तेच. मला हसावं की रडावं कळेना. एवढा आदर उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता आणि त्याचा असा वैताग कधी आला नव्हता.

म्हणून नियम केला. मी स्टुलावर बसले की मॅडम नाही. दवाखान्यात आलेली एक बाई. रोजच्या पेशंटला म्हणता तसं मला मावशी म्हणायचं आणि दाबायचं.

"बरं, मॅडममावशी," तीर्थपुरीचा मुलगा म्हणाला. वर्ग हसला, मीही हसले.

हळूहळू हात बसले. चित्रं दिसू लागली, टिका पडू लागल्या. आणि दुसरं दुखणं सुरू झालं. टिक पडली की मुलं हात उचलायची. "मशीननं टिक दिली, सगळं बराबर हाय." चित्र नीट आलं, एवढंच ते मशीन सांगत होतं. खांदा नीट आहे असं ते कुठेच म्हणत नव्हतं. मी हे समजावलं की नंदीबैलासारख्या माना हलायच्या, आणि पुढच्या तासाला पुन्हा टिकेपाशी गाडी थांबायची. माझी चीर त्या जागेपासून बोटभर पुढे होती. मी चरफडत घरी जायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा स्टुलावर बसायचे. खांद्याचं दुखणंही वाढत चाललं होतं. वेणी मी डाव्या हाताने घालायला लागले होते.

बदनापूरहून रेल्वेने येणारी एक मुलगी होती. घरी उर्दू, वडील शिलाईकाम करणारे. हजेरीला "येस मॅडम" म्हणायची, तेवढाच तिचा आवाज. एके दिवशी तिचा नंबर आला. तिने माझा उजवा हात मागे कंबरेवर ठेवायला लावला, कारण तसं केलं की कंडरा हाडाखालून बाहेर येते. मग मशीन टेकवलं आणि दाबलं. चांगलंच दाबलं. टिक आली.

तिने हात उचलला नाही. मशीन बोटभर पुढे सरकवलं आणि थांबली. पडद्यावर कंडरेच्या पांढऱ्या पट्ट्यात एक काळी फट होती. मशीन तिरकं धरलं तर चांगली कंडराही काळी दिसते, हे मी शिकवलेलं. तिने ते कलवून पाहिलं, काळं तसंच. आडवं फिरवून पाहिलं, तरी तसंच. मग माझा डावा खांदा मागितला, तो पाहिला आणि परत उजव्यावर आली.

"टिक कवाच आल्ती," मागून तीर्थपुरीचा मुलगा म्हणाला. "जल्दी कर ना, माझा नंबर हाय."

तिने मागे पाहिलं नाही. पडदा मलाही दिसत होता. ती फट आता बारीक राहिली नव्हती. खरंच भीती वाटली. आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खिडकीकडे बघितलं.

"काय दिसलं?" मी विचारलं.

ती दिसलेलं गिळून टाकेल असं मला वाटलं.

"खाला," ती म्हणाली. खाला म्हणजे मावशी; दुखऱ्या बायकांना ती तिच्या मोहल्ल्यात हेच म्हणत असणार. "खाला, ही कंडरा फाटलीय. पुढच्या कडेला. छोटी न्हाई."

मी तिला सोडलं नाही. पेशंट हुज्जत घालतात तशी घातली. "मशीन तर बरोबर म्हणतंय."

"मशीननं फोटो बराबर म्हणलंय. खांदा मी बघून राह्यले."

"मग माझं काम कोण करणार?"

"घरचे करतील. हात वर करायचा न्हाई, वजन बिलकुल उचलायचं न्हाई. संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरला दाखवून घ्या." मग तिने पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "दुखत होतं, तर इतके दिवस का न्हाई गेलात?"

हा प्रश्न मी रोज कोणाला ना कोणाला विचारते. त्याला उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. "भीती वाटली," मी म्हटलं. तिने मान हलवली, आणि टिश्यूने माझ्या खांद्यावरचं जेल पुसून काढलं.

मग मी सगळ्यांना जुन्या एमआरआयचं सांगितलं. तीर्थपुरीच्या मुलाचं तोंड उतरलं. "मंग मी दाबलं तवा दुखलं असंल तुम्हाला."

"तू दाबलंस कधी?" मी म्हटलं. वर्ग पुन्हा हसला, पण तो हसला नाही. त्याने मशीन मागून घेतलं आणि टिकेच्या पुढे बोटभर सरकवून ती फट स्वतः पाहिली. या वेळी दाबलं. दुखलं.

तास संपला. मशीन डब्यात घातलं, कपाट उघडलं आणि सवयीने उजव्या हाताने डबा वरच्या कप्प्यात ठेवायला गेले.

"खाला," मागून आवाज आला. "आत्ताच काय सांगितलं मी?"

सूर अगदी माझाच होता, पेशंटला दटावतानाचा. मी हात खाली घेतला, डबा तिच्याकडे दिला, आणि सोमवारी संभाजीनगरची गाडी धरली.