परक्या बाईला आसरा

देवीवरची माझी श्रद्धा उडाली होती असं म्हणणार नाही. मला तिचा संशय येऊ लागला होता. माझे यजमान कल्याणच्या एका शाळेत संस्कृत शिकवत. पन्नाशीही गाठली नव्हती, तोच वर्गात उभ्या उभ्या ‘राम’ शब्द चालवताना अडखळू लागले. मग शाळेची वाट चुकू लागले. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, म्हातारपणी होतं ते यांना अकाली झालंय, मेंदू झिजतोय, औषध नाही. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही राहायचो त्या डोंबिवलीत तेव्हा अशा दुखण्याला एकच नाव होतं, वेड.

त्यांच्या विसरण्यापेक्षा त्यांचा संशय मला जास्त जाळी. ताट वाढलं की आधी मला त्यातला घास खायला लावत. धोतरं कुठेतरी लपवून ठेवत आणि सापडली नाहीत की मी चोरली म्हणत. शेजारणी कुजबुजत, हिनंच काही खायला घातलं असेल. आमच्या कुसुमचं जमत आलेलं लग्न मोडलं, कारण मुलाकडच्यांना ‘रक्तातच असेल’ अशी शंका आली. त्यावर ती अवाक्षर बोलली नाही. कॉलेज सोडलं आणि वडिलांची दाढी करायला शिकली. तिच्या त्या गप्प राहण्याचाही मला संशय येई. मनातून ही मलाच दोष देत असेल का? घरात एकदा संशय शिरला की तो कुणालाच सोडत नाही.

एका दुपारी मी विहिरीवर गेले असताना हे मागच्या दारानं निघून गेले. कुसुम स्टेशनकडे धावली, मी कोपर गावाच्या बाजूला. तिकडे खाडी आहे, एवढंच डोक्यात होतं. वाटभर मी देवीशी बोलत होते. ती प्रार्थना नव्हती, भांडण होतं.

खाडीच्या अलीकडे देवीचं एक लहानसं देऊळ होतं. तिथल्या ओट्यावर हे बसलेले दिसले. शेजारी माझ्याहून थोडी वडील, नऊवारी नेसलेली एक अनोळखी बाई. दोघं एकाच पानातलं गूळखोबरं खात होती. तिला आधी घास खायला न लावता हे खात होते! मला हायसं वाटायला हवं होतं. पण मनात आलं ते हे, की हिनं यांना काय दिलंय? तेवढ्यात तिच्या हातात यांची अंगठी दिसली.

“अंगठी द्या इकडे!” मी ओरडले.

तिनं लगेच हात पुढे केला. “घ्या बाई. यांनीच सांभाळायला दिली. घरात एक बाई आहे, ती चोरते म्हणाले.”

“ती बाई मीच. बायको आहे मी यांची!”

हे खांबाआड सरकले. “ही नव्हे. माझी बायको तरुण आहे.”

मी त्यांचा हात धरला, त्यांनी हिसडा दिला. मी शपथा घातल्या, मंगळसूत्र दाखवलं. मी जितकं पटवावं, तितके ते खाडीच्या बाजूला मागे सरत होते.

“ओळख पटवू नका आता,” ती बाई हळूच म्हणाली. “आसरा मागा त्यांच्याकडे. मी उन्हातून आले, तर स्वतः उठून मला सावलीत बसवलं त्यांनी.”

मला तिचा रागच आला. पण माझ्या हाती दुसरं काही उरलं नव्हतं. मी त्यांचा हात सोडला.

“मास्तर, मी परगावची आहे. दिवस मावळेल आता. तुमच्या घरी राहू का?”

त्यांचा चेहरा सैलावला. धोतर सावरत ते पुढे आले. “चला. घरात एक बाई आहे, जरा संशयी आहे. पण मी सांगेन तिला. तुम्हाला काही बोलणार नाही ती.”

वाटेत काटे आले की ते मला “इकडून या” म्हणत, आणि वळण आलं की मी त्यांना. दारात कुसुम उभी होती. “मुली, पाहुण्या आल्यात,” हे म्हणाले, “पाणी दे त्यांना.” कुसुमनं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता तांब्या आणला.

पुढे मी देवीची ओटी भरायला गेले तेव्हा त्या बाईची चौकशी केली. अशी कुणी पाहिल्याचं गुरवाला आठवेना. वाटसरू असेल, होडीनं पलीकडे गेली असेल. माझा संशयी स्वभाव काही गेलेला नाही, म्हणून मी त्याला चमत्कार म्हणत नाही. ती आली, एवढं मात्र खरं.

त्यानंतर मी बायको म्हणून हक्क सांगणं सोडलं. फार जड गेलं. कधी मी परगावची पाहुणी असे, कधी स्वयंपाकाला आलेली बाई. पण ते निमूट जेवू लागले. घर शांत झालं तशी एकदा कुसुम म्हणाली, “आई, मी तुला कधीच दोष दिला नाही गं. मला भीती वाटायची, मीही एक दिवस तुला विसरेन.” त्या दिवशी मायलेकी पहिल्यांदा एकत्र रडलो. पुढच्या वर्षी मी तिला बळेच कॉलेजात धाडलं.

हे गेले त्याच्या थोडं आधी त्यांनी कुसुमला जवळ बोलावलं. मी पाय चेपत होते.

“या बाई कोण, कुठल्या, मला ठाऊक नाही,” ते म्हणाले, “पण या आल्यापासून मी निर्धास्त झोपतो. यांना जाऊ देऊ नकोस.”

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याबद्दल इतकं चांगलं ते कधी बोलले नव्हते. मी उठून देवघरापुढे गेले, हात जोडले. मागायचं काही सुचेना. नुसती उभी राहिले.