जयूनं सांगितलेली मालिका

जयू गेली ते मला तिच्या मुलीच्या फोनवरून कळलं. सकाळचे अकरा वाजले असतील. सासूबाईंचे केस विंचरून झाले होते आणि मी फणी धूत होते. पोरगी रडत नव्हती. "मावशी, मम्मी गेली. शिरगावलाच. रिक्षात घालून पालघरला आणत होतो, वाटेतच…" एवढं बोलून तिनं फोन मामाकडे दिला. जयू भावाकडे चार दिवसांसाठी गेली होती. येताना सुकट आणणार होती, ती आमच्या आळीत विकायची. मी सासूबाईंना सांगितलं. त्या पडूनच असतात, मांडीचं हाड मोडल्यापासून उठता येत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्याआदी कशी गेली ती?" आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

त्याला आता महिना झाला. जयू आमच्या कुंभवलीच्या घरासमोर वीस वर्षं राहत होती. मधे फक्त गल्ली. ती शिरगावच्या मासेमारी करणाऱ्या घरातली, लग्न होऊन इकडे आलेली. मी पालघरजवळच्या माहीमची, बागायतीच्या वाडीतली. मला चारचौघांत बोलता येत नाही. बाजारात भावसुद्धा जयूच करायची. मी मागे पिशवी धरून उभी. दुकानदारानं कमी द्यायला नकार दिला की ती माझ्याकडे बोट करायची, "हिला राग आलाय बघा, बोलतपन नाय." आणि तो हसून कमी करायचा.

जयूबद्दल लिहायचं तर सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारबद्दल लिहावंच लागेल. आमच्या इथे कारखाने जवळ, वास नेहमीचाच. पण त्या दिवशी वास वेगळा होता. डोळे जळायला लागले, भोंगा वाजला आणि गल्लीत कोणीतरी ओरडलं की टाकी फुटली, पळा. माझे यजमान पहिल्या पाळीला गेलेले, मुलगा शाळेत. मी गॅस बंद केला, पदर तोंडाला बांधला, दाराला कुलूप लावलं आणि सगळ्यांबरोबर पळत सुटले. घरातून निघताना कुलूप लावायचं, एवढी वर्षं हात तेच करत होता. नाक्याजवळ जयू भेटली. तिनं माझ्या मागे पाहिलं आणि विचारलं, "म्हातारी कुठाय?" त्यांचं हाड मोडून तेव्हा महिनाच झाला होता, त्या आत खाटेवर होत्या. माझ्या हातात किल्ली होती. जयूनं ती पाहिली आणि ती उलटी पळत गेली. मला किल्ली पुढे करायचंही सुचलं नाही. मी तिथेच उभी राहिले. जयूनं वरवंट्यानं कोयंडा तोडला, सासूबाईंना पाठीवर घेतलं आणि आणलं. लहानपणापासून डोक्यावर माशांच्या टोपल्या वाहिलेली बाई ती, म्हणून तिला जमलं. सासूबाई दोन दिवस दवाखान्यात खोकत होत्या, मग बऱ्या झाल्या.

संध्याकाळी यजमानांनी तुटलेला कोयंडा पाहिला. मी तोंड उघडायच्या आत जयू म्हणाली, "भावजी, हिला चक्कर आलेली. हिनंच मला माघारी धाडलं, म्हातारीला आन म्हनून. किल्ली दिलेली, ती माझ्या हातून पडली घाईत." ते जयूकडे पाहून हात जोडून उभे राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी तुला सुचलं, बरं झालं." मी वाकून कोयंड्याचा तुकडा उचलला. तेव्हापासून सासूबाई येईल त्या माणसाला सांगतात, "सुनेनं मानूस धाडला म्हनून मी हाय." पाहुणे माझ्याकडे बघतात. मला लाजाळू समजतात आणि आणखी कौतुक करतात. खरं काय ते मला आणि जयूलाच ठाऊक होतं आणि जयू त्यावर माझ्याशी एकदाही बोलली नाही.

मालिका नंतरची. जयूच्या मुलानं मोठा टीव्ही आणला, त्यात परदेशातल्या मालिका हिंदीत दिसायच्या. सासूबाई दुपारी झोपल्या की मी सुका जवळा निवडायला तिच्याकडे जायची. पुढे परात आणि समोर ती मालिका. मेलेली माणसं उठून चालतात आणि जिवंत माणसांना चावतात, मग तीही तशीच होतात. सगळी शहरं अशी बुडालेली. पहिल्या दिवशी मी डोळ्यांवर पदर घेतला. जयू म्हणाली, "अगं मेलेल्यांकडं काय बघते, जित्यांकडं बघ." मग मी तसं बघायला लागले आणि मला कळलं की मेलेल्यांमध्ये बघण्यासारखं फार काही नसतंच. ती सगळी सारखीच चालतात, त्यांना ना राग ना लोभ. बघायची ती एका शाळेत लपलेली दहा-बारा माणसं. एक म्हातारा बसवाला, तो जग बुडालं तरी रोज बसच्या काचा पुसायचा. एक नर्स. दोन भाऊ, त्यांचा आधीपासूनचा अबोला. आणि एक चष्मेवाली, तिचं कोणी नव्हतं. आम्हाला त्यांची खरी नावं लक्षात राहत नसत, म्हणून ही आमची नावं.

लोकांना वाटतं अशा मालिका रक्त बघायला आवडतं म्हणून बघतात. आम्ही रक्त आलं की जवळा निवडायचो. आम्हाला वेगळंच हवं असायचं. पाणी एकच बाटली उरल्यावर कोण आधी पिणार, कोण मागे वळणार, कोण वळलो नाही हे लपवणार. इथे माणसाचा स्वभाव कळायला वर्षं जातात. तिथे दार वाजलं की लगेच कळतो. दोन भाऊ एकाच खोलीत पाठ करून झोपलेले दाखवले की जयू म्हणायची, "एवढी दुनिया बुडाली, पन यांचा अबोला काय सुटत नाय. आमच्या दिरांना दाखवायला पायजे." असं आपल्याकडे झालं तर कोणाला बरोबर घ्यायचं, यावरही आमचं बोलणं व्हायचं. मी म्हटलं, आमच्या ह्यांना. "नको गं बाय, ते डब्याचं झाकन शोधत बसतील, तंवर आपल्याला चावतील." मी इतकी हसले की परात लवंडली.

पण दाराचे प्रसंग आले की मी उठून पाणी प्यायला जायची. त्या मालिकेत दारं फार. एकदा सगळे पळत शाळेत शिरले आणि चष्मेवालीनं फाटक लावून घेतलं, बसवाला बाहेरच राहिला. मला उठायला वेळच मिळाला नाही. तो नंतर कसाबसा भिंतीवरून आत आला. त्यापुढचा भाग हिंदीत नव्हता, का कोणास ठाऊक. नुसतं इंग्रजी. मी म्हटलं, राहू दे. जयू म्हणाली, "राहू दे काय? तोंडं दिसतात ना? मी सांगते." तिला इंग्रजी येत नव्हतं. पण ती सांगायला लागली. नर्स काय म्हणते, भाऊ काय म्हणतो, सगळं आमच्या बोलीत. मग चष्मेवाली सगळ्यांसमोर उभी राहिली आणि बराच वेळ बोलली. जयू टीव्हीकडे बघत सांगत होती. "ती म्हनते, फाटक मी लावलं. मी वाईट नाय. माझा हात तसाच चालला. मागं कोन हाय ते डोक्यातच आलं नाय. आता रोज त्याला बघते नि जेवन उतरत नाय. म्हनून सांगून टाकते."

माझे हात परातीत थांबले होते. मी विचारलं, "मग तो काय म्हणतो?" जयू म्हणाली, "म्हातारा काय म्हननार. बघ, तिच्या हातून पानी प्यायला." खरंच तो तिच्या हातून पाणी पीत होता. जयू माझ्याकडे वळली नाही. तेव्हा मी बोलायला हवं होतं. निदान तिच्याशी तरी. मी म्हटलं, "चहा ठेवू का?" आणि ती म्हणाली, "ठेव."

मागच्या आठवड्यात जयूच्या मुलानं मला बोलावलं. म्हणाला, "मावशी, तुमची मालिका आता सगळी हिंदीत आलीय, बघून जा." एकटीनं बघायला बरं वाटत नव्हतं, पण गेले. तोच भाग लावायला सांगितला. चष्मेवाली उभी राहिली आणि हिंदीत बोलायला लागली. ती डिझेलबद्दल बोलत होती. डिझेल तीनच दिवस पुरेल, बस उत्तरेकडे न्यायची की इथेच थांबायचं, तुम्ही सगळे ठरवा. फाटकाचं तिनं नावसुद्धा काढलं नाही. बसवाल्याला तहान लागली होती म्हणून तो पाणी प्यायला. जयू ते सगळं स्वतःच्या मनानं बोलली होती. तिथे बसल्यावर मला रडू आलं नाही. लाज मात्र वाटली. एवढं तिनं माझ्यासाठी रचलं आणि मी तिला चहा करून दिला.

घरी आले. सासूबाई जाग्या होत्या. कोणी आलं नव्हतं, यजमान कामावर, मुलगा कॉलेजात. मी खाटेजवळ खाली बसले आणि म्हटलं, "आई, त्या दिवशी मी जयूला धाडलं नव्हतं. मी तुम्हाला आत ठेवून कुलूप लावून पळाले. ती आपणहून आली."

त्यांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "किल्ली?"

"माझ्याच हातात होती."

"मंग तिनं तोडलं कशाला? दिली नाय तू?"

"नाही दिली. सुचलं नाही."

"एवढी वर्सं मी लोकांना सांगत बसले," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्या भिंतीकडे वळल्या. दुपारी ताट नेलं तर "नको" म्हणाल्या. यजमानांना सांगतील असं वाटलं. सांगू देत, असंही वाटलं. चार वाजता त्यांनी हाक मारली.

"माझी खाट खिडकीशी लाव."

मी कपाट सरकवलं, खाट ओढून गल्लीकडच्या खिडकीला लावली. त्यांनी गजाला हात लावून पाहिला. "आता भाईर जा. समोर जाऊन हुभी रहा. परत कुलूप लागलं तर हाक ऐकू येते का बघू."

मी गल्ली ओलांडून जयूच्या ओट्यावर उभी राहिले. दार बंद होतं, मुलगा बाहेर गेला होता. खिडकीत सासूबाईंचे पांढरे केस दिसत होते. त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "जयूऽऽ…"

जयू आता नाही हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण हाक तिथेच तुटली.

मी तिथूनच ओ दिली.