आल्याच्या शेतातला पल्सार

दत्तोजीरावांची वनजा मेलेल्या ताऱ्यांच्या पत्रिका मांडते, म्हणून तिचं लग्न जमत नाही, ही बातमी गल्लीत मीच सोडली होती. सगळीच खोटी. पत्रिका नव्हत्या, कागदाच्या गुंडाळ्या होत्या. आणि स्थळं तीच परत पाठवायची.

बेट्टदपुरकडच्या माळावर वनजाच्या कामावरचे वरिष्ठ कृष्णमूर्ती सर, त्यांनी एरियल उभारले होते. मोठा तारा फुटला की त्याचा धुरळा हजारो वर्षं पसरत राहतो, आणि कधी मधे उरलेला गाभा गरगर फिरत रेडिओलहरींचे ठोके देतो. तो पल्सार. वनजानं मला हे तीनदा समजावलं, मी पाच घरी सांगून आले. एरियलवर आलेले ठोके पेन कागदावर रेघांनी उमटवी, आणि इथं म्हैसूरच्या खोलीत वनजा पट्टी लावून त्या मोजी. आठ वर्षं, हंगामी.

शहाऐंशी साली असाच एक धुरळा डोक्यावर असताना तीन संध्याकाळी ओळीनं ठोके मिळाले, सेकंदाला एक. सरांनी निबंध लिहायला घेतला. त्यात वनजाचं नाव, आणि तो छापला की नोकरी कायम. दत्तोजीरावांनी गल्लीभर चिरोटी वाटली.

पुढच्या पंधरवड्यात पोरगी वाळायला लागली. मी म्हटलं, "काय गं, पल्सारनं दुसरी बघितली का?"

हसली नाही. "शांताक्का, आकाशातलं काहीही रोज चार मिनिटं लवकर डोक्यावर येतं. पंधरा दिवसांत तासभर. हे ठोके रोज सहालाच सुरू होतात."

"मग?"

"मग आकाशाला घड्याळ कुणी बांधलं?"

बस पकडून ती माळावर गेली. पलीकडे आल्याचं शेत. रानडुकरं येऊ नयेत म्हणून त्या वर्षीच कुंपणात वीज सोडलेली, सेकंदाला एक झटका. मालक रोज सहाला बटण दाबायचा. तिनं हातापाया पडून एक संध्याकाळ ते बंद ठेवायला लावलं. त्या दिवशीच्या कागदावर एकही ठोका नव्हता.

दोन दिवस तो कागद घरातच राहिला. गोदावरीबाई लेकीला म्हणत होत्या, "सुम्ने, उगीच कशाला तोंड उघडतेस? विचारलंय का कुणी?" सोमवारी वनजानं कागद सरांच्या टेबलावर ठेवला. निबंध थांबला, वर्षअखेर काम बंद झालं, तिची जागाही गेली.

आता ती गोकुलममध्ये पोरांना गणित शिकवते. परवा मला राहवलं नाही. "गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं गं?"

"कुणालाच नाही, अक्का. पण पुढं कुणीतरी त्याच जागी एरियल वळवला असता, त्याला काही सापडलं नसतं, आणि आपलंच यंत्र बिघडलं म्हणून तो बिचारा वर्षभर स्क्रू पिळत बसला असता."