सगळ्यांच्या भातावरचं तूप

गेल्या दिवाळीनंतर आम्ही ओझरच्या कारखान्यातले निवृत्त लोक एका मित्राच्या घरी जमलो होतो. बोलता बोलता पंचवटीतल्या खाणावळीचा विषय निघाला आणि एकाने ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. खाणावळवाल्या काकांच्या मुलीचं चांदवडला ठरत आलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं, कारण मुलगी परक्या पुरुषांच्या पंगतीत वाढत होती. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

घरी आल्यावर त्या हललेल्या मानेची मला लाज वाटली. ते लग्न मुलाकडच्यांनी मोडलेलं नाही. मोडायला मी निघालो होतो, तेही भाकरीसाठी. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि माझ्याशिवाय ते कुणाला ठाऊक नाही. एकीला आहे, पण ती लिहिणार नाही. कुणाचंही नाव घालायचं नाही अशी अट आहे. ती कुणाची, ते पुढे येईलच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी निफाडजवळच्या आमच्या गावातून नोकरीसाठी नाशकात आलो. एका खोलीत तिघे राहत होतो. आधीच्या दोन खाणावळींनी माझ्या पोटाची वाट लावली होती. जेवलो की तासाभरात जळजळ सुरू व्हायची. खिशात सोड्याची पुडी ठेवूनच मी कारखान्याच्या बसमध्ये चढायचो. वजन इतकं उतरलं होतं की सणाला घरी गेलो तेव्हा आई दारातच रडायला लागली.

मग कुणीतरी ही खाणावळ सांगितली. नदीकडे उतरणाऱ्या बोळात घराचीच पुढची खोली, तिच्यात भिंतीला लागून चार बाकडी. काका वाढायचे, मावशी भाजी-आमटी करायच्या आणि त्यांची मुलगी भाकऱ्या थापायची. गर्दी वाढली की तीही वाढायला यायची. आम्ही मेंबर लोक तिला ताई म्हणायचो. वयाने ती आमच्यापेक्षा लहान होती, पण पहिल्याच दिवशी काका सांगायचे, "इथं ही सगळ्यांची ताई." त्यांच्या सांगण्यात असं काही असायचं की कुणी दुसरं काही म्हणायच्या भानगडीत पडत नसे.

काळ्या मसाल्याची आमटी, वांग्याची किंवा गवारीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, बाजरीची भाकरी आणि शेवटी भात. एवढंच जेवण. पण भाकरी तव्यावरून ताटात यायची, आणि कुणाला कडा कडक लागते, कुणाला मऊ, हे ताईंना आतूनच माहीत असायचं. काकांनी बाहेरून नुसतं मेंबरचं गाव सांगायचं, "निफाडकर आले," की माझी पातळ, कडक कडेची भाकरी तव्यावर पडायची. दोन महिन्यांत सोड्याची पुडी सुटली. पुढच्या सणाला आई म्हणाली, कोण बाई जेवायला घालते रे तुला, तिला माझा नमस्कार सांग.

तो नमस्कार मी कधी सांगितला नाही. अशा गोष्टी सांगायच्या राहतात.

तिसऱ्या वर्षी कळलं की ताईंचं चांदवडला जुळतंय. कांद्याचा व्यापार असलेलं मोठं घर, हायवेला लागून गोदाम. काका एका जुन्या मेंबरला वाढता वाढता सांगत होते की पोरीचे हात पिवळे केले की आपण दोघं सिन्नरकडे गावी जाणार. पाय दुखतात, आता उभं राहवत नाही. ऐकणारा म्हणाला, छान झालं. मी समोर बसलो होतो. माझ्या हातातला घास तसाच राहिला. आता हे बंद होणार आणि आपण परत त्या जळजळीत जाणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्या मुलीचं काय होणार, हा विचार मनाला शिवलाही नाही.

त्यानंतर पंधराएक दिवसांची गोष्ट. मी दुसऱ्या पाळीला होतो, म्हणून अकराच्या सुमाराला जेवायला बसलो होतो. शेजारी एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. धोतर, टोपी, मांडीवर छत्री. जेवणापेक्षा त्यांचं लक्ष आतल्या दाराकडे जास्त होतं. आमच्याकडे सोयरीक ठरवताना बोलणी एकीकडे चालतात आणि चौकशी दुसरीकडे. घरात विचारत नाहीत. शेजारी, वाणी, शाळेतले मास्तर यांना विचारतात. खाणावळ असेल तर मग सोपंच. ज्याला मुलीकडच्यांनी पाहिलेलं नाही असा कुणीतरी गिऱ्हाईक होऊन येतो आणि शेजारच्या ताटाला विचारतो.

काका आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"रोजचे मेंबर हायेत का?"

मी हो म्हणालो.

"चांदवडचा हाय मी. माझ्या पुतन्याला सांगून आलीय ही पोरगी. कशी हाय?"

खरं सांगायचं तर ताईंबद्दल वाईट बोलायला माझी जीभ वळली नसती. तेवढा मी बरा होतो, किंवा तेवढा भित्रा होतो. तिची बदनामी होऊ नये, पण सोयरीक मात्र होऊ नये, असं काहीतरी मला हवं होतं. आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता ते मला सुचलं.

"पोरगी सोन्यासारखी आहे," मी म्हणालो. "पण तिच्या मनात नाही. तिला हे सोडून कुठं जायचं नाहीये. बापाच्या धाकाने गप्प बसलीय."

यातलं एक अक्षरही मला माहीत नव्हतं. तिच्याशी मी तीन वर्षांत भाकरीपलीकडे चार वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो.

ते गृहस्थ पाणी प्यायले. मग म्हणाले, "बरं झालं बोललात. लय पोरी अशाच येत्यात घरात, अन् मंग नांदत नाय." मी हात धुतले आणि बस चुकू नये म्हणून निघालो. कारखान्याच्या फाटकात शिरेपर्यंत मला फार हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

आठवड्याभरात सोयरीक मोडल्याचं कळलं. मावशींचे डोळे सुजलेले असायचे. काका वाढायचे, पण बोलायचे नाहीत. कुणीतरी बाहेर म्हणालं की मुलगी पंगतीत वाढते म्हणून नकार आला असणार, आणि तेच पुढे सगळ्यांनी धरलं. मी ऐकून घेतलं. त्यात माझी सोय होती.

आणि त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट सुरू झाली. काका भातावर तूप वाढू लागले. आधी तूप फक्त रविवारी असायचं, तेही थेंबभर. आता रोज रात्री ते हातात छोटं पितळी भांडं घेऊन यायचे आणि प्रत्येकाच्या भातावर चांगली धार धरायचे. लोक खूश झाले. माझ्या ताटाशी ते आले की मला वर बघवायचं नाही. ज्याच्या पोरीचं लग्न मोडलं तो बाप, दुःख बाजूला ठेवून, ज्याने ते मोडलं त्याच्या भातावर तूप वाढतोय, असं मला वाटायचं. मी नको म्हणायचो. ते म्हणायचे, "घ्या हो, पोटाला बरं." आणि वाढायचे. तो भात मी संपवायचो. उठून गेलो नाही, हेही लिहायला हवं. खाणावळ बंद झाली नव्हती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी दोन्ही वेळा तिथेच जेवत होतो.

पुढे माझं लग्न झालं, नाशिकरोडला बिऱ्हाड केलं आणि मी त्या बोळात जायचं टाळू लागलो. कधी पंचवटीत काम निघालंच तर वळसा घालून जायचो. बायकोने बाजरीची भाकरी केली की मी पोळी मागायचो. ती म्हणायची, निफाडकडचा माणूस आणि भाकरी नको? काय सांगणार.

असं करता करता दहा-बारा वर्षं गेली. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. नदीजवळच्या एका ऑफिसात माझ्या प्लॉटच्या कागदांचं काम होतं. साहेब तीननंतर येणार असं सांगितल्यावर बरोबरचा माणूस म्हणाला, जवळच एक बाई फार चांगली भाकरी करते, चला. कुठल्या बोळात, ते मी विचारलं नाही. पाय ओळखत होते.

बाकड्यांच्या जागी टेबलं आली होती. भिंतीवर काकांचा फोटो होता, हार घातलेला. आणि आतल्या दारातून ताई दिसत होत्या, तव्यासमोर, तशाच. मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. इतकी वर्षं मी मनात म्हणत आलो होतो की तिचं कुठेतरी दुसरीकडे जमलं असेल. ती तर तिथेच बसलेली होती, मी बसवून ठेवल्यासारखी.

बरोबरचा माणूस जेवून पुढे गेला. मी थांबलो. दुपारची गर्दी ओसरली तेव्हा ताई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "निफाडकर ना? कडक कडा."

त्या एका वाक्याने माझा धीर सुटला आणि मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. छत्रीवाले गृहस्थ, मी काय बोललो, आणि का बोललो. भाकरीचंही सांगितलं. ते सांगणं सर्वांत कठीण गेलं.

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे ते तुम्ही होता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला त्यांच्याच क्रमाने लिहिता येणार नाही, कारण मधूनच त्या हसत होत्या. त्या दिवशी मी बससाठी निघून गेलो आणि ते गृहस्थ हात धुऊन थेट काकांपुढे उभे राहिले. आपण कोण हे सांगितलं, आणि तुमचे मेंबर म्हणतात की मुलीच्या मनात नाही, हेही सांगितलं. काका आत गेले आणि मुलीला विचारलं, खरं का? तवा तापलेला होता. ताई म्हणाल्या, खरं. मला खाणावळ चालवायचीय.

"त्याआधी मला कुणी विचारलंच नव्हतं," ताई मला म्हणाल्या. "आईनंही नाही. मी मनातसुद्धा धड म्हटलं नव्हतं."

नकार मुलीकडून गेला होता. मावशी आठ दिवस रडल्या. काका आठ दिवस बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी त्यांनी भाजीबाजाराची पिशवी मुलीच्या हातात दिली. पुढे ताईंनी स्वतः पसंत करून एका शाळामास्तरांशी लग्न केलं. मास्तर शाळेतून आले की इथेच वाढायला उभे राहत. हे सांगत असतानाच ते सायकल लावून आत आले, मला पाणी विचारलं आणि शर्टाच्या बाह्या वर करून आत भांडी आवरायला गेले.

"आणि तूप?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

ताई भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "बाबा म्हणायचे, आपल्या पोरीच्या मनातलं आपल्याआधी एका मेंबरनं ओळखलं. तो कोण ते त्यांना शोधायचं नव्हतं. शोधलं तर तो लाजून यायचा बंद होईल. म्हणून सगळ्यांनाच तूप."

मी डोळे पुसले. त्या मात्र आता हसत नव्हत्या.

"मलाही वाटायचं, कोणीतरी आहे ज्याला माझ्याकडे बघून कळलं," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं वाटत होतं. आणि तुम्हाला भाकरी हवी होती."

काकांना तर मी सांगूच शकलो नाही. दोन वर्षं आधी ते गेले होते, एका चांगल्या माणसाला आपण तूप वाढलं या समजुतीत. मी एवढंच म्हणालो की माझ्या आईने तुम्हाला नमस्कार सांगितला होता, तो सांगायचा राहिला.

ताई उठल्या. मी जेवलोय म्हणत असतानाच आत तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला. ताट आलं. भाकरी, आमटी, चटणी, मग भात. पितळी भांडं शेजारच्या टेबलावर होतं. त्यांनी त्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तूप नाही मिळायचं आज," त्या म्हणाल्या. "रविवारी या."

तो कोरडा भात मी आमटीशी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. प्लॉटचे कागद त्या दिवशी राहिले. घरी जाऊन मी बायकोला बाजरीचं पीठ आहे का ते विचारलं.

हे लिहायच्या आधी ताईंना फोन केला. त्याही आता सत्तरी ओलांडून गेल्यात, खाणावळ सून बघते. त्या म्हणाल्या, लिहा, फक्त नावं घालू नका. आणि नकार आमच्याकडून गेला होता, ते मोठ्या अक्षरात लिहा.

नकार त्यांच्याकडून गेला होता.