लूपबॅकमधली तिसरी ओळ

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर दुरून वाचत आले. छान रंगवलंय म्हणायचं आणि पान उलटायचं. बत्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं; कवितेतलं अदृश्य मी मानते, घरातलं कधी मानलं नाही. माझा नवरा श्रीधर तर याहून सरळ होता — "तार जोडलेली असेल तर बोलेल, नसेल तर गप्प बसेल. तिसरं काही नसतं." म्हणूनच त्या दुपारबद्दल लिहायला मला अकरा महिने लागले.

सानपाड्याला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. बंद करून घेतलेली बाल्कनी म्हणजे श्रीधरची कार्यशाळा. सोल्डरिंगच्या राळेचा गोडसर, देवळाबाहेर रेंगाळावा तसा वास आजही तिथल्या पडद्याला आहे. पंपांचे, कोल्ड रूमचे कंट्रोल बोर्ड तो हाताने बनवायचा आणि दुरुस्तही करायचा. शेवटच्या दोन वर्षांत त्याचे हात थरथरू लागले, तेव्हा मी त्याचे हात झाले. तो सांगायचा, मी जोडायची. बोर्डाला सीरियल पोर्टची केबल लावली आणि लॅपटॉपवर टर्मिनलचं सॉफ्टवेअर उघडलं की बोर्ड आपलं दुखणं ओळीओळीने स्क्रीनवर सांगतो, हे मला फार आवडलं होतं. इतकं नेमकं तर माणसंही सांगत नाहीत.

त्याचा एक दंडक होता — बोर्डाला नावं ठेवण्याआधी आपली केबल तपासायची. केबलच्या टोकाला दोन पिना असतात, एक बोलणारी आणि एक ऐकणारी. त्या एका इवल्याशा तारेने एकमेकींना जोडायच्या. याला लूपबॅक म्हणतात. मग आपण टाइप करू ते फिरून आपल्याच स्क्रीनवर येतं. जेवढं पाठवलं तेवढंच. अक्षर कमी नाही, अक्षर जास्त नाही.

आणि तपासताना लोक ‘हॅलो’ लिहितात, ‘टेस्ट’ लिहितात. श्रीधर रोमन लिपीत लिहायचा — ‘चहा?’ लांब वायरी तपासायला त्याने स्वयंपाकघरात एक जुना संगणक मांडला होता. कुकरच्या वाफेआड त्यावर ‘चहा?’ उमटायचं आणि मी ओल्या बोटाने ‘हो’ पाठवायची. आमच्या संसारातला अर्धा संवाद असा तारेतून झाला.

तो गेला. चार महिन्यांनी, ऐन मे महिन्यात, दुपारी सुनंदा आली. दिवाळे गावातली, मासळीचा व्यापार करणारी. तिच्या छोट्या कोल्ड रूमचा बोर्ड श्रीधरने बनवलेला होता. छातीशी थर्माकोलचा खोका धरून ती दारात उभी होती. बोंबलाचा खारट वास तिच्याआधी घरात शिरला.

"वयनी, सकाळधरून बंद हाय. रिक्षावाल्याला बोल्ले, खड्ड्यात नको घालू, आत पोर हाय."

"अगं, पण खोक्यात कशाला घातलास?"

"मंग? पापलेट घालते तसाच घातला. धक्का नाय, ऊन नाय. आतल्या भित्तीवरना काढला नि लगेच झाकन लावला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो मेकॅनिक बोलतो, हा फेका नि नवीन पॅनेल घ्या. मी बोल्ले, दादाचा हात लागलाय, फेकू कशी? तुमी बघा. मेला तर नाय ना?"

"बघते. पण सुनंदा, हा एकच आहे गं. याच्या प्रोग्रॅमची प्रत ज्या संगणकात होती, तो बिघडला. हा जळला, तर दुसरा होणार नाही."

"तुमच्या हातना नाय जलनार," ती सहज म्हणाली आणि माल शेजारणीच्या बर्फात हलवायला धावत गेली.

बोर्ड बाहेर काढला. किती गार होता! बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, खाडीकडून दमट हवा येत होती, आणि माझ्या तळहातांवर तो माठाच्या पाण्यासारखा गारवा... मी क्षणभर तो गालाला लावला, हे कबूल करते. मग वर्तमानपत्रावर ठेवला आणि दंडकाप्रमाणे केबल तपासायला घेतली.

लॅपटॉप नवा होता, मुलाने पंधरवड्यापूर्वी पाठवलेला. श्रीधरचा त्याला कधी स्पर्श नाही. केबलच्या टोकाला तार जोडली. ‘एक दोन तीन’ लिहिलं. ‘एक दोन तीन’ परत आलं. ‘ऐकू येतंय का’ लिहिलं. ‘ऐकू येतंय का’ परत आलं. केबल निर्दोष होती. आता तार काढायची, केबल बोर्डाला लावायची आणि बटण दाबायचं. मी तारेकडे बोट नेलं...

आणि स्क्रीनवर तिसरी ओळ आली.

‘चहा?’

मी भ्याले नाही, हे सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण भीती वाटायच्या आधी सवय उठली. गुडघे उठले, पाय स्वयंपाकघराकडे वळले. आलं किसलं. पातेल्यात पाणी खदखदू लागलं, तेव्हा कुठे मी स्वतःला विचारलं, ‘केबलचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नाही... मग हे पाठवलं कुणी?’

परत आले तेव्हा ती ओळ तशीच होती. आणि बोर्डाखालचं वर्तमानपत्र भिजलं होतं.

बोर्ड उचलून उजेडाकडे धरला. चिपांच्या पायांमध्ये, सोल्डरच्या थेंबाथेंबावर दव साचलं होतं. गवताच्या पात्यावर पडावं तसं सुंदर. थर्माकोलने कोल्ड रूमची थंडी सांभाळून आणली होती आणि मेची दमट हवा तिच्यावर पाणी होऊन बसली होती. त्या पाण्यावर मी वीज सोडणार होते.

तेव्हा आठवलं. कोल्ड रूममधून बोर्ड आला की श्रीधर म्हणायचा, "पाहुणा थंडीतून आलाय गं. चहा होऊ दे, तोवर बसू दे त्याला." आणि खरंच चहा पिऊन होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. इतकी वर्षं मी ती थट्टाच समजत आले. कारण कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत पंख्याखाली बोर्ड सुकवला. मग जोडला. तो स्वच्छ बोलला — दाराचा सेन्सर तुटलाय, बाकी सगळं ठीक. सुनंदाच्या कोल्ड रूममध्ये तो आजही चालतो आहे.

मुलगा निनाद बंगळूरला इंजिनिअर आहे. त्याला सारं फोनवर सांगितलं.

"आई, तारेजवळ बोट गेलं की कधीकधी कचरा अक्षरं येतात."

"कचरा येतो रे. प्रश्नचिन्हासकट शब्द येतो?"

"तूच लिहिलं असशील, नकळत."

"सॉफ्टवेअर नोंद ठेवतं. तुला फाइल पाठवलीय, बघ."

त्याने पाहिली. पाठवलेल्या ओळी दोन. आलेल्या तीन. ओळी पुन्हा मोठ्याने मोजल्या. मग म्हणाला, "बाबांनी पुन्हा काही लिहिलं तर मला सांग," आणि घाईने, "म्हणजे, असं पुन्हा झालं तर." पुन्हा झालं नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती. त्या दुपारी मी उठून गेले, पण उत्तर दिलं नव्हतं. परवा केबलला पुन्हा ती तार जोडली आणि टाइप केलं — ‘हो’.

‘हो’ परत आलं. एकदाच. नियमाप्रमाणे ते माझंच होतं.

मी तार अजून काढलेली नाही.