मशीनला तेल, सासऱ्यांना पाव

माझ्यासारखा शहाणा माणूस किती खाली जाऊ शकतो, ते आज तुम्हाला सांगूनच टाकतो. हसलात तरी चालेल. माझं हसून झालेलं नाही, कारण मला अजून हसू आलेलंच नाही.

शहाण्णव साल असेल. आम्ही नवी मुंबईत कोपरखैरण्याला नवीन राहायला आलो होतो. माझी नोकरी महापेला, एका कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये. सासरे, म्हणजे अप्पा, देवगडचे रिटायर्ड मास्तर. त्यांना शुगर निघाली म्हणून माझ्या बायकोने, सुनंदाने, त्यांना आमच्याकडे आणलं. डॉक्टर म्हणाले, मैद्याचा पाव बंद. अप्पांना तर सकाळी चहाबरोबर पाव लागायचाच. मग दुबईच्या मेहुण्याने ब्रेड बनवायचं मशीन पाठवलं. कणीक, पाणी, यीस्ट टाका आणि बटण दाबा. मळणं, फुगवणं, भाजणं सगळं तेच करतं.

पहिला ब्रेड विटेसारखा झाला. सुनंदाने पाणी वाढवलं, चौथ्या खेपेला जमला. पण गव्हाची कणीक जड. मळताना मशीन कुईकुई करायचं. आता सांगा, मेंटेनन्सच्या माणसाच्या घरात मशीन कुईकुई करतं, हे कोण सहन करेल? माहितीपुस्तक होतं, पण पुस्तकं वाचायची ती इतरांनी. मी मशीनच्या डब्यातलं मळायचं पातं काढलं, खालच्या दांड्याला कारखान्यातलं मशीन ऑइल सोडलं. आवाज बंद. मग दर रविवारी नेमाने सोडायला लागलो.

सुनंदा म्हणाली, ब्रेडला वास येतोय. मी म्हणालो, तो कोंड्याचा वास, तुला मैद्याची सवय. तिने खाणं सोडलं. अप्पा मात्र रोज दोन तुकडे मुकाट्याने खायचे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, या माणसाने माझं कधी कौतुक केलं नव्हतं. हे मुकाट्याने खाणं म्हणजेच कौतुक, असं समजून मी इतका फुगलो की कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो.

महिन्याभराने मासे विकणाऱ्या बोनकोड्याच्या कोळीण मावशी दारात आल्या. मी मोठ्या ऐटीत त्यांना एक तुकडा दिला. त्यांनी तो नुसता नाकाशी धरला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"दादा, या पावाला आमचे होरीच्या इंजिनाचा वास हाय."

त्यांच्या घरी मासेमारीची होडी होती, म्हणजे बाई चुकणं शक्य नव्हतं. मी आत गेलो, डबा पालथा केला, दांड्याखाली बोट फिरवलं. बोट काळं झालं. महिनाभर मी एका आजारी, म्हाताऱ्या माणसाला वंगण खायला घालत होतो.

अप्पांना तसंच डॉक्टरांकडे नेलं. पोट तपासलं, रक्त तपासलं. सुदैवाने काही निघालं नाही. परत येताना रिक्षात मी रडकुंडीला येऊन त्यांची माफी मागितली. विचारलं, अप्पा, तुम्हाला वास येत नव्हता का?

अप्पा माझ्याकडे वळले.

"पहिल्या दिवसापासून येत होता, जावईबापू."

"मग बोलला का नाहीत?"

"सुनंदा म्हणाली, त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी जमलंय, खाऊन घ्या."